अपेक्षित स्वमत

मराठीत सर्वात जास्त लिहिला जाणारा वाङ्मयप्रकार कोणता? बरेच जण कविता म्हणतील. फेसबुक उघडलं की तसं वाटतंही. माझं उत्तर वेगळं आहे: फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त. आणि तिच्यासोबत तिची सगळी भावंडं. पडक्या किल्ल्याचं मनोगत, शाळेच्या घंटेची कैफियत, ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘परीक्षा नसत्या तर’, ‘मी पाहिलेला अपघात’. राज्यात दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुलं दहावीला बसतात. त्यांतली मराठी घेणारी बहुतेक मुलं पाचवी-सहावीपासून सहामाहीला एक आणि वार्षिकला एक, असे हे निबंध लिहीत आलेली असतात. एवढ्या कविता महाराष्ट्रात अजून तरी होत नाहीत.

या प्रचंड लेखनाची समीक्षा मात्र कुणी करत नाही. त्याला गुण दिले जातात आणि मग ते रद्दीत जातं. मी दोन वर्षं इचलकरंजीत संध्याकाळच्या एका शिकवणीत नववी-दहावीच्या मुलांना मराठी शिकवायचो. त्या काळात असे काही शे निबंध वाचले. पुढचं सगळं त्या वाचनातून आलंय. इथं मी या निबंधाकडे साहित्य म्हणूनच बघणार आहे. कारण शाळेच्या वेळापत्रकात सर्जनशीलतेसाठी जी काही अधिकृत जागा आहे ती हीच. विज्ञानात प्रयोगाचं उत्तर आधीच ठरलेलं, गणितात रीत ठरलेली, चित्रकलेचा तास दहावीला बहुतेक वेळा दुसऱ्याच विषयाला दिलेला. ‘कल्पना कर आणि लिही’ असं मुलाला सांगितलं जातं ते भाषेच्या पेपरात.

छत्री नेमकं काय बोलते?

या निबंधाची रचना तुम्हाला पाठ असेल. मी माळा आवरत होतो. एवढ्यात कुणीतरी हाक मारली. इकडेतिकडे पाहिलं तर कुणी नाही. मग कोपऱ्यातली छत्री बोलायला लागते. ती सांगते की कारखान्यात तिचा जन्म झाला, दुकानात मानाचं स्थान मिळालं, तुमच्या वडिलांनी मोठ्या हौसेनं घरी आणलं. ऊन-पाऊस झेलला. आता तिला कुणी विचारत नाही. पण तक्रार नाही, सेवा हाच धर्म. शेवटी आई हाक मारते आणि आवाज बंद होतो.

आता ‘छत्री’च्या जागी ‘पुस्तक’ घाला. किल्ला घाला, वड घाला, नदी घाला. फार काही बदलावं लागत नाही. सगळ्यांचा स्वभाव एक, भूतकाळ एक, दुःख एक. निवृत्त मुख्याध्यापकांनी सत्काराला उत्तर द्यावं तशा या सगळ्या वस्तू बोलतात. म्हणजे दहा वर्षं आपण मुलांना दुसऱ्याच्या जागी जाऊन बोलायला सांगितलं आणि ती सगळी मिळून एकाच म्हाताऱ्या माणसाच्या जागी जाऊन बसली.

खरं तर निर्जीव वस्तूला बोलतं करणं ही साहित्यातली अवघड आणि फार सुंदर गोष्ट आहे. त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: या वस्तूला असं काय माहीत असेल, जे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही? छत्रीला काय माहीत असेल? तिला धरणाऱ्या हाताची उंची. दोघं एका छत्रीतून चालताना कुणाचा खांदा भिजला, हे. ती एस.टी.त विसरली गेली तेव्हा शेजारच्या सीटवर कोण होतं, हे. मी वाचलेल्या शेकडो निबंधांत कुणाचाही खांदा भिजला नाही. मुलांना ते सुचलं नसेल असं मला वाटत नाही. तो प्रश्नच त्यांना कधी विचारला गेला नव्हता. प्रश्नाखाली चौकटीत मुद्दे दिलेले असतात: जन्म, बालपण, उपयोग, सध्याची स्थिती, संदेश. पाच मुद्दे आले, सुरुवातीला एक सुविचार आला, अक्षर बरं असलं की गुण मिळतात. कल्पना करायचं काम प्रश्नपत्रिका काढणाऱ्यानंच उरकलेलं असतं. मुलानं फक्त रिकाम्या जागा भरायच्या.

छापील मत

शिक्षण खात्याला हे कळत नाही असं समजू नका. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात, प्रा. यशपाल यांच्या समितीनं, शाळेतलं ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा आणि घोकंपट्टी सोडा असं स्पष्ट म्हटलं होतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सर्जनशीलता आणि चिकित्सक विचार हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. आपल्याकडे प्रश्नपत्रिकेची ‘कृतिपत्रिका’ झाली ती याच विचारातून. पाठांतर कमी व्हावं, मुलानं स्वतः विचार करावा. म्हणून प्रत्येक उताऱ्याखाली, प्रत्येक कवितेखाली एक प्रश्न आला: स्वमत. तुला काय वाटतं ते लिही.

मला हा प्रश्न मनापासून आवडला होता. मराठीच्या पेपरानं मुलाला पहिल्यांदाच ‘तुला’ म्हटलं होतं.

पुढं काय झालं ते कुठल्याही पुस्तकांच्या दुकानात बघता येईल. गाइडांमध्ये स्वमताची उत्तरं छापून आली. अपेक्षित प्रश्नसंचांत ती ठळक अक्षरांत आली. यूट्यूबवर ‘स्वमत कसं लिहावं, पैकीच्या पैकी गुण’ असे व्हिडिओ आले. माझ्या वर्गात मुलं एकमेकांना विचारायची, ‘तुझं स्वमत पाठ झालं का?’ विचारणाऱ्याला यात काही विनोद वाटत नसे आणि ऐकणाऱ्यालाही नाही. ‘अपेक्षित’ आणि ‘स्वमत’ हे दोन शब्द शेजारी उभे राहिले आणि त्यांचं भांडण झालं नाही.

मला यात दोष गाइड छापणाऱ्यांचा वाटत नाही. मागणी होती म्हणून माल आला. मागणी का होती, हा खरा प्रश्न आहे. मुलांनी ओळखलं होतं की समोर कान दिसत असला तरी ऐकणारं कुणी नाही. ‘तुला काय वाटतं?’ असं विचारणारा जर खरोखर ऐकायला बसला असेल, तर पाठ केलेलं उत्तर दिलं जात नाही. ते द्यायची गरजच पडत नाही.

‘लाईट गेली की’

आता एक उदाहरण देतो. ‘वीज नसती तर’ हा ठरलेला विषय. नववीच्या वर्गाला मी तो दिला. पंचवीस वह्यांपैकी चोवीस वह्यांत जग अंधारात बुडालं. फ्रीज बंद पडले, दवाखान्यात रुग्णांचे हाल झाले, मोबाईल चार्ज झाले नाहीत, आणि शेवटी विजेची बचत ही काळाची गरज ठरली.

पंचविसाव्या वहीत चार ओळी होत्या. घरी पुढच्या खोलीत यंत्रमाग असलेल्या एका मुलीची ती वही. तिनं लिहिलं होतं: ‘लाईट गेली की माग थांबत्यात. मग आईला आमचं ऐकू येतं. आमच्यात लाईट गेली की सगळी बोलत्यात. म्हणून मला लाईट गेलेली आवडती.’

इचलकरंजीत ज्यांनी कधी मुक्काम केला असेल त्यांना हे लगेच समजेल. मागाचा खडखडाट त्या गावात हवेसारखा असतो. घरात माग असेल तर माणसं खुणांनी बोलायला शिकतात. कांड्या भरणाऱ्या बाईला लेकरानं शाळेत काय झालं ते सांगायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. वीज गेली की मालकाचं नुकसान, मजुराची मजुरी बुडते. आणि त्याच वेळी घरात पहिल्यांदा आवाज ऐकू येतात. ‘वीज नसती तर’ या विषयावर गेली कित्येक वर्षं जे लिहिलं गेलं असेल, त्यात या चार ओळींइतकी कल्पनाशक्ती क्वचितच असेल. गंमत म्हणजे तिनं कल्पना केलीच नव्हती. तिनं फक्त ऐकलं होतं.

तिच्या शाळेतल्या वहीत अशा वाक्यांचं काय व्हायचं, तेही मी पाहिलं होतं. ‘थांबत्यात’ला तांबडी रेघ, ‘बोलत्यात’ला तांबडी रेघ, ‘आमच्यात’च्या वर ‘आमच्या घरी’. समासात ‘मुद्दे अपूर्ण’. तपासणाऱ्या शिक्षिका वाईट नव्हत्या. त्यांच्या टेबलावर सत्तर वह्या होत्या आणि त्या मुलीला दहावीत चांगले गुण मिळावेत असंच त्यांना वाटत होतं. पण त्या तांबड्या रेघांमधून त्या मुलीपर्यंत जे पोचत होतं ते व्याकरणापेक्षा मोठं होतं. तुझ्या घरात जे बोललं जातं ते लिहायचं नसतं. तुला जे वाटतं तेही लिहायचं नसतं. लिहायचं म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी लिहायचं.

याच अभ्यासक्रमाच्या पुस्तकांतून बहिणाबाई चौधरी पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेल्या आहेत. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरून घेतली. आचार्य अत्र्यांनी ती डोक्यावर घेतली आणि १९५२मध्ये, त्यांच्या निधनानंतर, त्यांचं पुस्तक झालं. ती खानदेशातल्या लेवा बोलीत आहेत म्हणून कुणी त्यांच्यावर तांबडी रेघ मारत नाही. उलट ‘बोलीभाषेतील गोडवा’ यावर रसग्रहणात गुण असतात. मेलेल्या कवयित्रीच्या बोलीचा गोडवा मुलीनं प्रमाण मराठीत लिहायचा आणि स्वतःच्या बोलीचा गोडवा खोडायचा. नववीतल्या मुलीला ही विसंगती शब्दांत मांडता येत नसेल. कळत मात्र नक्की असते.

पडद्यावरचे सर

‘मुलांच्या सर्जनशीलतेला वाव द्या’ असं म्हटलं की आपल्या पिढीला एक सिनेमा आठवतो, २००७चा ‘तारे जमीन पर’. मलाही तो आवडतो. पण अलीकडे तो पुन्हा पाहताना दोन गोष्टी खटकल्या.

बोर्डिंग शाळेत हिंदीच्या तासाला ईशानला एका कवितेचा अर्थ विचारतात. तो स्वतःला जाणवलेला अर्थ सांगतो. मास्तर त्याला झापतात आणि दुसऱ्या मुलाकडून पाठ केलेला अर्थ वदवून घेतात. शेजारचा राजन मात्र नंतर त्याला म्हणतो की खरा अर्थ तूच सांगितलास. हिंदी सिनेमात वर्गावर इतकं नेमकं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही. तो स्वमताचाच प्रश्न आहे. पण निकुंभ सर आल्यावर सिनेमा चित्रकलेकडे वळतो आणि तो हिंदीचा वर्ग तसाच राहतो. ते मास्तर बदलत नाहीत, कवितेचा तास बदलत नाही. ईशानला रंगांची एक वेगळी खोली मिळते.

दुसरी गोष्ट शेवटाची. मुलांना शर्यतीत पळवू नका असं दोन-अडीच तास सांगणारा सिनेमा संपतो कुठे? एका स्पर्धेत. त्या स्पर्धेत ईशानचं चित्र पहिलं येतं आणि शाळेच्या वार्षिकाच्या मुखपृष्ठावर छापलं जातं. ते चित्र दुसरं आलं असतं तर? बक्षीस न मिळालेल्या मुलाच्या कल्पनाशक्तीला किती किंमत आहे, याचं उत्तर सिनेमा देत नाही. आपण रडतो ते बक्षीस मिळालं म्हणून.

‘तोत्तोचान’ या बाबतीत जास्त प्रामाणिक पुस्तक आहे. तेत्सुको कुरोयानागींनी ते जपानीत १९८१मध्ये प्रसिद्ध केलं आणि मराठीत ते कित्येक शिक्षकांनी एकमेकांना भेट दिलं. त्यातल्या तोमोए शाळेत पहिल्या नंबरासाठी अभ्यासाची शर्यत नाही. आगगाडीच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात आणि दिवसाची सुरुवात कुठल्या विषयानं करायची ते मूल ठरवतं. पण त्या पुस्तकातलं मला सगळ्यात मोठं वाटणारं दृश्य अगदी साधं आहे. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली पहिलीतली ती मुलगी मुख्याध्यापक कोबायाशींसमोर बसून बोलते. ते चार तास ऐकतात. जांभई देत नाहीत, घड्याळ बघत नाहीत.

आपल्याकडे या पुस्तकातून काय उचललं गेलं? डबे. रंगवलेल्या भिंती, आगगाडीसारखे वर्ग, जिन्यावर लिहिलेले पाढे. जिल्हा परिषदेच्या शाळांत ते दिसतं तेव्हा मला चांगलंच वाटतं. पण डबे रंगवता येतात, चार तासांचं काय करायचं? तोमोए लहानशी खाजगी शाळा होती आणि १९४५च्या बॉम्बहल्ल्यात ती जळून गेली. एका विलक्षण माणसाची, थोड्या मुलांची, आता नसलेली शाळा. आपण तिच्यावर प्रेम करू शकतो. सोमवारी सकाळी वर्गात काय करायचं ते तिथून मिळत नाही.

गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ या प्रश्नाच्या जास्त जवळ जातं. ते मूळ गुजरातीत, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीचं. गिजुभाई आधी वकील होते, मग भावनगरच्या दक्षिणामूर्तीत बालमंदिर चालवायला लागले. आपल्या ताराबाई मोडकही तिथंच त्यांच्यासोबत घडल्या आणि पुढं बोर्डी-कोसबाडला आल्या. ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक अधिकाऱ्याकडून सरकारी शाळेतला चौथीचा एक वर्ग मागून घेतो. अधिकारी मुभा देतो आणि बजावतो की वर्षाखेरीस परीक्षा आहे. पहिल्याच दिवशी शिक्षकाचा शांततेचा खेळ सपशेल फसतो. मग तो गोष्टी सांगायला लागतो आणि वर्ग हळूहळू त्याचा होतो. परीक्षेची टांगती तलवार, शंका घेणारे सहकारी, कुरकुर करणारे पालक हे सगळं त्यात आहे. म्हणूनच ते आजही वाचवतं. तरी पुस्तकाचं नाव बघा. लेखकानं स्वतःच त्याला दिवसा पडलेलं स्वप्न म्हटलंय.

या तिन्ही कलाकृतींत एक गोष्ट समान आहे. सर्जनशीलता वर्गात येते ती एका असामान्य शिक्षकाच्या रूपानं. असा शिक्षक आला तर मुलांचं भाग्य. नाही आला तर? अशा कथा आपल्याला हलवतात आणि नकळत मोकळंही सोडतात. आपण ‘आम्हाला असे सर मिळाले नाहीत’ म्हणतो आणि विषय संपतो.

कुणीतरी उत्तराची वाट पाहतंय

असामान्य माणसावर न विसंबता हे करून पाहिल्याची उदाहरणं आहेत. त्यांच्यावर सिनेमे निघाले नाहीत, एवढंच.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरममध्ये, १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. होशंगाबाद विज्ञान म्हणून तो ओळखला जातो. सहावी ते आठवीची मुलं स्वतः प्रयोग करायची आणि निष्कर्ष स्वतः काढायची. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकात प्रश्न होते, उत्तरं नव्हती. या लोकांनी परीक्षाही बदलली. पुस्तक आणि वही समोर उघडी ठेवून पेपर लिहायचा, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा. पाठ करून उपयोगच नाही असा पेपर काढला की पाठांतर आपोआप सुटतं. त्यासाठी भाषणं द्यावी लागत नाहीत. साध्या सरकारी शाळांत, साध्या सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण देऊन हे तीस वर्षं चाललं. १९८२पासून एकलव्य संस्थेनं ते पुढं नेलं. २००२मध्ये राज्य सरकारनं ते बंद केलं.

त्यातली एक गोष्ट मला विशेष आवडते. सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र त्यांनी तयार केलं होतं. मुलांनी मनातला कुठलाही प्रश्न सवालीरामला पत्रानं विचारायचा आणि सवालीरामकडून उत्तर यायचं. गुण नाहीत, मुद्दे नाहीत. पत्र गेलं की पत्र येणार, एवढंच. माणूस काल्पनिक होता, पण वाचणारं कुणीतरी खरं होतं. आपल्या निबंधात बरोबर उलटं असतं.

दुसरं उदाहरण इटलीतलं आहे. तिथल्या डोंगरातल्या बार्बियाना या वस्तीवर डॉन लोरेन्झो मिलानी या पाद्र्यानं शाळेतून नापास होऊन बाहेर पडलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. तिथल्या आठ मुलांनी मिळून नापास करणाऱ्या शिक्षिकेला एक लांबलचक पत्र लिहिलं. ते १९६७मध्ये पुस्तकरूपानं आलं. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावानं वाचता येतं. हे पत्र कसं लिहिलं तेही मुलं त्यात सांगतात. सुचेल ते प्रत्येकानं चिठ्ठीवर टिपायचं, सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र करायच्या, गठ्ठे लावायचे, क्रम लावायचा, मग नको ते काढत जायचं. त्यांच्या लेखी लिहिणं ही प्रतिभेची देणगी नव्हती, शिकता येणारं काम होतं. ते काम त्यांनी इतकं मन लावून केलं कारण ते पत्र कुणाला लिहायचं आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि इचलकरंजीपासून तासाभरावर, कोल्हापुरात, लीला पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मराठी माध्यमाची साधी शाळा, नावातच सृजन. शिक्षक-प्रशिक्षणात आयुष्य गेलेल्या बाईंनी निवृत्तीनंतर हे काम हाती घेतलं आणि त्याविषयी सविस्तर लिहून ठेवलं. इतक्या जवळ असूनही माझ्या शिकवणीतल्या एकाही मुलानं त्या शाळेचं नाव ऐकलेलं नव्हतं. फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त मात्र सगळ्यांना पाठ होतं.

वाचणारा खरा असला की काय होतं, ते मी एकदा वर्गात करून पाहिलं. मुलांना सांगितलं की तुम्ही घरी जे एखादं काम करता ते, तुम्ही गावाला गेल्यावर दुसऱ्याला करता येईल असं लिहून काढा. एका मुलानं मागावर तार तुटली तर काय करायचं ते लिहिलं. माग थांबव, टोक शोध, गाठ मार, चालू कर. चार वाक्यं. मग तो कागद त्यानं धाकट्या चुलतभावाला वाचायला दिला. भाऊ म्हणाला, टोक कुठल्या बाजूला शोधू? गाठ कसली? दुसऱ्या दिवशी मुलगा दीड पान घेऊन आला. तेही भावाला पुरेना. तिसऱ्यांदा त्यानं लिहिलं तेव्हा त्यात बोटांची जागा होती, गाठ किती लहान हवी ते होतं, आणि ‘घाई केली तर कापडात भोक दिसतं आणि पगारातून पैसे कापतात’ हे वाक्य होतं. निबंध दुसऱ्यांदा लिहायला सांगितला की तोंड वाकडं करणाऱ्या मुलानं एक मजकूर तीनदा लिहिला. कुणी सांगितलं नव्हतं.

पण गुणांचं काय?

आता उलट बाजूनं विचार करू. तो करायलाच हवा.

ठरावीक निबंध हा गरीब मुलाचा आधार आहे, असं कुणी म्हटलं तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, ज्याचे आईवडील जेवताना गप्पा मारतात, त्याला ‘मनापासून लिही’ म्हटलं तर ते जमतं. ज्याच्या घरी कागद म्हणजे फक्त लाईट बिल, त्याला पाच मुद्दे आणि एक सुविचार हा धरून चढायला दोर असतो. गाइडनं कितीतरी मुलांना पास केलंय. शिवाय बोर्डाचे पेपर तपासणाऱ्यासमोर गठ्ठेच्या गठ्ठे असतात. प्रत्येकानं आपलं मन ओतलं तर गुण कसे द्यायचे? एकाला आवडलं, दुसऱ्याला नाही, तर मुलानं दाद कुणाकडे मागायची? ठरलेल्या मुद्द्यांत एक प्रकारचा न्याय आहे. ‘सर्जनशीलता, सर्जनशीलता’ म्हणत आपण मोजायची फूटपट्टीच काढून घेतली तर सगळ्यात आधी तोटा त्या माग असलेल्या घरातल्या मुलीचाच होईल.

हे मला मान्य आहे. म्हणूनच प्रमाण मराठी शिकवू नका, मुद्दे देऊ नका, असं मी म्हणत नाही. ‘आमच्या घरी’ हे तिला यायलाच हवं. अर्ज, पत्र, मुलाखत यांत ते लागणार आहे. पण दोर हा वर चढण्यासाठी असतो. दहा वर्षं आपण मुलांना दोर धरून खालीच उभं करतो आणि मग विचारतो की यांना कल्पनाच का सुचत नाहीत. तिला ‘आमच्या घरी’ येतं का, हे बघायला एक पेपर असू दे. तिच्या घरात लाईट गेल्यावर काय होतं, हे ऐकायला वर्षातून चार तास असू देत. त्या चार तासांना गुण देऊ नका. गुण दिले की दुसऱ्या वर्षी त्याचं गाइड निघेल.

आणि त्या मुलीचं पुढं काय झालं, तर ती दहावीला बसली. आत्मकथन सोडवलं, पाचही मुद्दे घेतले, सुविचारही घातला. मराठीत तिला उत्तम गुण मिळाले. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आली तेव्हा मला आनंद झाला आणि तो खरा होता. तिनं व्यवहार ओळखला होता आणि तो चोख केला होता. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती म्हणाली, ‘सर, सुटले एकदाची मराठीतनं.’ जिनं त्या चार ओळी लिहिल्या तिच्यासाठी मराठी ही सुटका करून घ्यायची गोष्ट झाली होती. मराठी शाळा बंद पडतायत, मुलं मराठी वाचत नाहीत, याची कारणं आपण इंग्रजीत, पालकांत, मोबाईलमध्ये शोधतो. थोडी या उत्तरपत्रिकांतही शोधायला हवीत. मराठी म्हणजे जिथं आपल्याला न वाटणारं लिहायचं असतं ती जागा, हे मूल दहा वर्षं शिकत असतं.

तुम्ही हे फोनवर वाचत असाल. याच फोनवर तुम्ही काल रात्री कुणाला तरी मोठा मेसेज लिहिला असेल. भांडणाचा, समजुतीचा, किंवा नुसता दिवसभरात काय झालं ते सांगणारा. पाठवायच्या आधी दोनदा वाचला असेल, एखादा शब्द बदलला असेल. त्यात सुविचार नसेल. ती मराठी तुम्हाला कुणी शिकवली नाही. समोर वाचणारं माणूस होतं म्हणून ती आली. तुमच्यापैकी काही जण शिक्षक असतील, काही डी.एड.-बी.एड. करत असतील, काही जण संध्याकाळी शिकवण्या घेत असतील. येत्या आठवड्यात वर्गाला एकच प्रश्न द्या, ज्याचं उत्तर कुठल्याही गाइडात असणं शक्य नाही. घरात सगळ्यात आधी कोण उठतं आणि पहिला आवाज कसला येतो? असं काहीही. उत्तरं आली की तांबडा पेन बाजूला ठेवा आणि प्रत्येकाला एक ओळ परत लिहा. गुण नकोत. वाचून जे वाटलं ते, जसं मेसेजला उत्तर देता तसं.